गळाला लागलेला मासा काय सांगतो?

आपल्या हॉस्टेलमध्ये एक वाद हमखास होतो. कुणीतरी जवळच्या तळ्यातून गळाने चार मासे पकडून आणतो आणि प्रश्न उभा राहतो, हे खायचे की नाही? एक गट म्हणतो, "अरे, उड्या मारतोय मासा! पाणी खराब असतं तर जगला असता का?" दुसरा गट म्हणतो, "त्या तळ्यात गटार येतं रे बाबा!" शेवटी मतदान होतं आणि बहुमत नेहमी कढईच्या बाजूने पडतं.

हा लेख त्या वादासाठी आहे. मी सिव्हिलचा. डीओ, बीओडी, पीएच हे शब्द आमच्या पर्यावरण अभियांत्रिकीच्या पेपरात असतात. पण मार्चमधल्या एका रविवारी मी आणि माझा रूम पार्टनर वसईतल्या एका तळ्यावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत गरी टाकून बसलो, तेव्हा हेच शब्द तासातासाने डोळ्यांसमोर घडताना दिसले. तळ्याचं नाव सांगत नाही, कारण दोष एकट्या त्या तळ्याचा नाही. वसई-विरारमध्ये अशी तळी बरीच आहेत.

तळं कुठून आलं, पाणी कुठून येतं

वसई तालुक्याला पाण्याची कमी नाही. उत्तरेला वैतरणा, दक्षिणेला वसईची खाडी, पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला तुंगारेश्वराचे डोंगर. पण खाडीचं आणि समुद्राचं पाणी खारं. गोडं पाणी म्हणजे मुख्यतः पावसाचं अडवलेलं पाणी. त्यासाठी गावोगावी तळी होती आणि वाड्यांमध्ये बावखलं. बावखल म्हणजे वाडीतलं छोटं तळं. पावसाचं पाणी त्यात साठायचं, त्यावर केळी, भाजी, फुलं पिकायची आणि जमिनीत मुरलेल्या पाण्यामुळे आसपासच्या विहिरी गोड राहायच्या.

या पाण्यात मासे असायचेच. मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की गोड्या पाण्यातले मासे अंडी घालायला ओढ्यानाल्यांतून उलटे वर, शेतांत चढतात. याला आपल्याकडे वलगण म्हणतात. वलगणीचे मासे धरायला रात्री बॅटऱ्या घेऊन निघणारी माणसं पालघर जिल्ह्यातल्या मुलांनी पाहिलेली असतील.

मग वस्ती वाढली. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि आजूबाजूची गावं मिळून २००९ साली वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. २०१४ साली ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. शेतांच्या जागी इमारती आल्या. जमिनीचा उतार मात्र बदलला नाही. ज्या उताराने पावसाचं पाणी तळ्यात यायचं, त्याच उताराने आता अनेक ठिकाणी सांडपाणी येतं. मासा तोच आहे, त्याच्या घरात आपलं मोरीचं पाणी शिरलंय.

सकाळी साडेसहा

आमचं सामान साधं होतं. बांबूची काठी, तंगूस, गळ, शिशाची गोळी आणि तरंगायला थर्माकोलचा तुकडा. आमिषाला गांडूळ आणि कणकेच्या गोळ्या. शिवाय सरांच्या परवानगीने लॅबमधून आणलेल्या ३०० मिलीच्या काचेच्या बाटल्या आणि दोन रसायनं. त्यांचं काम पुढे सांगतो.

आमच्या आधीच एक आजोबा येऊन बसले होते. आम्ही गळ टाकायला लागलो तर म्हणाले, "आता नाय लागणार पोरांनो. त्यांचा जीव वर आलाय. ऊन वर येऊ दे."

आणि खरंच, पाण्यावर सगळीकडे माशांची तोंडं दिसत होती. मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करत होते. आमिष समोर होतं, पण कुणी ढुंकून पाहत नव्हतं.

असं का होतं? मासा पाण्यात विरघळलेला प्राणवायू कल्ल्यांनी घेतो. पण पाण्यात प्राणवायू विरघळतोच फार थोडा. एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. ३० अंश तापमानाच्या एक लिटर स्वच्छ पाण्यात जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅम मावतो. पाणी जितकं गरम तितका कमी. २० अंशाला हा आकडा ९ च्या आसपास असतो. म्हणजे आपल्या हवामानात मासा आधीच काटकसरीत जगतो.

आता त्यात सांडपाणी घाला. घरगुती सांडपाण्याचा बीओडी साधारण २०० ते ३०० मिलिग्रॅम प्रति लिटर धरतात. बीओडी म्हणजे त्या पाण्यातली घाण खाताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू. गणित सोपं आहे. २०० बीओडीचं एक लिटर सांडपाणी जवळजवळ सत्तावीस लिटर स्वच्छ पाण्यातला सगळा प्राणवायू संपवू शकतं. अर्थात हे एका क्षणात होत नाही आणि दरम्यान हवेतून नवा प्राणवायूही मिसळत राहतो. पण साचलेल्या तळ्यात तो फार हळू मिसळतो. नदी खडकांवरून उड्या मारत जाते, तळं एका जागी बसून असतं.

रात्री परिस्थिती आणखी बिघडते. तळ्याचं पाणी हिरवं दिसतं ते सूक्ष्म शेवाळामुळे. हे शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू सोडतं, पण रात्री तेही आपल्यासारखंच श्वास घेतं. जिवाणू, शेवाळ आणि मासे असे तिघे मिळून रात्रभर एकाच डब्यातलं जेवतात. पहाटेपर्यंत डबा रिकामा! हवेला टेकलेल्या पाण्याच्या अगदी पातळ थरात थोडा प्राणवायू उरतो, म्हणून मासे तिथे तोंड लावतात. आजोबांचं "जीव वर आलाय" हे शास्त्रीयदृष्ट्याही बरोबर होतं.

आम्ही पहिली बाटली भरली. विंकलर नावाच्या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने १८८८ साली शोधलेली पद्धत आजही आपल्या लॅबमध्ये चालते. बाटलीत मँगनस सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड टाकायचं. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका तयार होतो, नसेल तर पांढरा. आमचा साका जवळजवळ पांढरा होता.

टोपलीत कोण आलं, कोण नाही

नऊनंतर ऊन चढलं, तोंडं खाली गेली आणि मासे लागायला लागले. दुपारपर्यंत आमच्याकडे सात चिलापी आणि एक मागूर जमा झाला. आजोबांकडे याच्या दुप्पट होते, पण जाती त्याच दोन. रोहू, कटला, मृगळ यांचं नावही नाही.

ही यादी म्हणजे पाण्याचा रिपोर्टच आहे. चिलापी म्हणजे तिलापिया. मूळचा आफ्रिकेतला, भारतात १९५२ साली आणलेला. नर तळाशी खड्डा करतो, मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते. त्यामुळे गढूळ, बिघडलेल्या पाण्यातही त्याची पिल्लं वाचतात. कमी प्राणवायूत तो तग धरतो आणि खाण्याच्या बाबतीत कसलेही नखरे करत नाही.

मागूर त्याच्याही पुढचा. त्याच्याकडे कल्ल्यांशिवाय हवेतून थेट श्वास घेण्याचा वेगळा अवयव असतो. मधूनमधून वर येऊन हवा गिळली की त्याचं काम झालं. मरळही असाच हवा घेतो. यांच्यासाठी पाण्यातला प्राणवायू शून्यावर गेला तरी लगेच आकाश कोसळत नाही. यातला आफ्रिकन मागूर तर इतका खादाड आहे की स्थानिक मासे फस्त करतो. म्हणूनच २००० साली त्याच्या पालनावर देशात बंदी आली.

याउलट रोहू, कटला, मृगळ यांना बऱ्यापैकी प्राणवायू लागतो. तळ्यात यांचं बीज सोडलेलं असलं तरी एखाद्या वाईट पहाटे आधी हेच उलटे होतात.

तेव्हा "मासा जिवंत आहे" एवढं पुरेसं नाही. कोणता मासा जिवंत आहे, हे विचारायला हवं. ज्या तळ्यात फक्त चिलापी आणि मागूर उरलेत, त्या तळ्याने बाकीचे मासे आधीच गमावलेत.

दुपारी तीन

दुपारी तीनला दुसरी बाटली भरली. तेच तळं, तोच काठ, तीच रसायनं. पण साका गडद तपकिरी! शेवाळाने दिवसभर उन्हात काम करून पाणी प्राणवायूने भरून टाकलं होतं.

इथे इंजिनिअर म्हणून आपण सावध व्हायला हवं. समजा, कुणी फक्त दुपारी येऊन नमुना घेतला, तर कागदावर काय लिहिलं जाईल? "प्राणवायू भरपूर." आकडा खोटा नसेल, पण पहाटे तडफडणाऱ्या माशाबद्दल तो एक शब्दही सांगणार नाही. तळ्याच्या डीओचा आकडा दिसला की पहिला प्रश्न विचारायचा, किती वाजता घेतला?

दुपारचा आणखी एक धोका आहे. शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, त्यामुळे पीएच वाढतो. सांडपाण्यात अमोनिया असतोच. पीएच ७ असताना २५ अंशाला त्यातला जेमतेम अर्धा टक्का मुक्त, म्हणजे माशाला विषारी रूपात असतो. पीएच ८ ला सुमारे ५ टक्के आणि ९ ला ३५ टक्क्यांच्या वर. घाण तितकीच, पण वेळ बदलली की विषारीपणा कितीतरी पट. म्हणजे पहाटे घुसमट आणि दुपारी अमोनिया, अशा दोन पाळ्यांत या माशांचा दिवस जातो.

"जिवंत आहे ना? मग?"

संध्याकाळी सामान आवरताना आम्ही आमचे मासे परत पाण्यात सोडले. अपवाद फक्त मागूरचा. तो त्या बंदीतला आफ्रिकन असण्याची शंका होती, म्हणून तो काठावर खड्ड्यात पुरला. आजोबा बघत होते. म्हणाले, "का रे? चांगले जिवंत आहेत."

मी म्हटलं, "आजोबा, यात गटाराचं पाणी येतं ना, म्हणून."

"माहीत आहे. पण आम्ही मग खायचं काय? सुरमईचा भाव बघितलास?"

या प्रश्नाला माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं. हॉस्टेलच्या पोराने मासा सोडून दिला तर त्याला मेसमध्ये डाळ-भात आहे. ज्याच्या घरी या माशावर आठवड्यातलं दोन दिवसांचं कालवण होतं, त्याला नुसतं "खाऊ नका" म्हणून चालत नाही. त्याला नेमकं सांगावं लागतं. म्हणून नंतर पुस्तकं काढून बसलो.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पाण्याचे वापरानुसार वर्ग केलेत. त्यातला 'ड' वर्ग वन्यजीव आणि मत्स्यपालनासाठी. निकष तीन : पीएच ६.५ ते ८.५, डीओ किमान ४ मिलिग्रॅम प्रति लिटर आणि मुक्त अमोनिया नायट्रोजनच्या हिशोबात १.२ मिलिग्रॅमपर्यंत. नीट वाचा. यात शिसं नाही, पारा नाही, जंतूंची संख्या नाही. हे निकष मासा जगेल का ते सांगतात. तो खाणारा माणूस ठीक राहील का, याचं उत्तर या तक्त्यात शोधायचंच नाही.

खाणाऱ्याच्या दृष्टीने धोके तीन प्रकारचे आहेत.

पहिला जंतूंचा. सांडपाण्यातले जंतू माशाच्या कातडीवर, कल्ल्यांत आणि आतड्यांत असतात. पोट साफ करून, नीट धुऊन, पूर्ण शिजवला तर हा धोका बराच कमी होतो. मात्र साफ करताना सुरी, पाट आणि हात यांना लागलेले जंतू कोशिंबिरीत जाऊ शकतात. अर्धवट भाजलेला मासा तर नकोच.

दुसरा शेवाळाचा. काही निळसर-हिरव्या शेवाळांतून विष तयार होतं आणि ते उकळूनही जात नाही. ते माशाच्या यकृतात आणि आतड्यांत जास्त साठतं. म्हणून तळ्यावर हिरव्या रंगासारखा तवंग असेल तर तिथला मासा टाळायचा, आणि एरवीही माशाचं काळीज, पोट खायचं नाही.

तिसरा रसायनांचा, आणि हा सगळ्यात फसवा. जड धातू शिजवून, तळून, मीठ-हळद लावून जात नाहीत. शिसं आणि कॅडमियम मुख्यतः यकृत, मूत्रपिंड, कल्ले, हाडं यांत राहतात, पण पारा थेट मांसात बसतो. शिवाय तो साखळीत वर चढत जातो. किड्यात थोडा, किडे खाणाऱ्या माशात जास्त, मासे खाणाऱ्या माशात त्याहून जास्त. जपानमध्ये मिनामाता इथे १९५६ साली जो आजार उघडकीला आला तो असाच. कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा माशांत गेला आणि माशांतून कोळ्यांच्या कुटुंबांत. तिथले मासे बाजारात कुणाला वेगळे ओळखू आले नसते.

आपल्याच जिल्ह्यात तारापूरच्या औद्योगिक प्रदूषणाबद्दल २०१६ साली राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली ती अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने, म्हणजे मच्छीमारांच्या संघटनेने. पाणी बिघडल्याचं आधी कळतं ते जाळं टाकणाऱ्याला.

एका रात्रीत मासे का मरतात

"काल तर ठीक होतं, आज सकाळी सगळे मासे तरंगताना दिसले. कुणीतरी विष टाकलं असणार!" असं नेहमी ऐकू येतं. कधी ते खरंही असतं, पण विष न टाकताही हे घडतं.

पहिला प्रसंग पहिल्या पावसाचा. आठ महिने गटारात आणि रस्त्यावर साचलेली घाण पहिल्या एक-दोन सरींत एकदम तळ्यात येते. आकाश ढगाळ, त्यामुळे शेवाळ प्राणवायू तयार करत नाही. तळाचा गाळ ढवळला जातो. तीन गोष्टी एकाच रात्री!

दुसरा प्रसंग विसर्जनानंतरचा. निर्माल्य म्हणजे जिवाणूंच्या दृष्टीने मेजवानी, बीओडीच तो. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे कॅल्शियम सल्फेट. ते विरघळायला वेळ लागतो, पण तळाच्या प्राणवायू नसलेल्या गाळात काही जिवाणू सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनवतात. सडक्या अंड्याचा वास येतो तो याचाच, आणि तो माशांना विषारी आहे. केंद्रीय मंडळाने मूर्ती विसर्जनाचे नियम २०१० साली केले आणि २०२० साली सुधारले. कृत्रिम तलावांमागे हे साधं रसायनशास्त्रही आहे.

मग करायचं काय?

आजोबांना पुढच्या रविवारी जे सांगितलं तेच इथे लिहितो.

ज्या तळ्यात कारखान्याच्या गाळ्यांचं पाणी येतं, तिथला मासा खायचा नाही. कितीही ताजा असो, कितीही तळा. त्यावर घरात उपाय नाही.

माशाला रॉकेलसारखा किंवा औषधासारखा वास येत असेल तर टाकून द्यायचा. पण वास नाही म्हणजे सुरक्षित, असा उलटा अर्थ काढायचा नाही. पाऱ्याला वास नसतो.

मेलेला किंवा पहाटे उलटा झालेला मासा कधीही उचलायचा नाही. फुकट मिळतो म्हणून गोणी भरून नेणारे दिसतात, त्यांनाही सांगा.

फक्त घरगुती सांडपाणी येतं अशी खात्री असेल आणि खाण्यावाचून पर्याय नसेल, तर छोटी चिलापी त्यातल्या त्यात बरी. मोठा, वयस्कर, इतर मासे खाणारा मासा टाळायचा. डोकं, कल्ले, पोट, काळीज काढून टाकायचं आणि पूर्ण शिजवायचं. गरोदर बाया आणि लहान मुलं यांना हा मासा नकोच.

आणि गरी टाकणाऱ्यांसाठी : पायाला जखम असेल तर पाण्यात उतरू नका, विशेषतः पावसाळ्यात. उंदरांच्या मूत्रातून पाण्यात येणारा लेप्टोस्पायरोसिस जखमेतून शिरतो. गळ हातात घुसला तर साबणाने धुऊन डॉक्टरकडे जा.

आजोबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कारखान्याचं पाणी येतं का नाय ते आम्हाला कसं कळणार?" मुद्दा बिनतोड आहे. हे त्यांनी शोधायचं काम नाही, ते आपल्या विषयाचं काम आहे. १९७४ चा जलप्रदूषण कायदा आहे, प्रदूषण नियंत्रण मंडळ आहे, महापालिका आहे. आणि आपल्याकडे लॅब आहे, दरवर्षी विषय शोधत फिरणारे प्रोजेक्टचे ग्रुप आहेत. एखाद्या ग्रुपने एक तळं घ्यावं. त्याला कोणती गटारं मिळतात ते पायी फिरून नकाशावर काढावं. पहाटे, दुपारी आणि संध्याकाळी नमुने घ्यावेत आणि प्रत्येक आकड्यापुढे वेळ लिहावी. गाळातले आणि माशातले धातू मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासून घ्यावेत. आणि रिपोर्ट फाईलला न लावता तळ्याकाठी बसणाऱ्या माणसांना मराठीत वाचून दाखवावा.

तोपर्यंत मेसमध्ये मतदान घ्यायचंच असेल तर आधी तीन प्रश्न विचारा. मासा कोणता? पाणी कुठून येतं? आणि आपल्याकडे दुसरं काही खायला आहे का? तिसऱ्याचं उत्तर आपल्या हॉस्टेलमध्ये तरी "हो" असंच आहे, मग ती डाळ कितीही पातळ असो!